नम्रतेला लावलेली काच

३ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३
इतक्या उशिरा लिहायला घेतोय, वही, माफ कर. आम्हाला शिकवणाऱ्या मिस टॉलिव्हर यांनी तुला सप्टेंबरात नाव नोंदवतानाच माझ्या हाती दिलं होतं. मनातलं लिहीत जा, कोणी वाचणार नाही, असं म्हणाल्या होत्या. आधी पेन सापडेना, मग चष्मा, मग पाठ धरली. शिवाय कोणी वाचणारच नसेल तर घाई कसली.

मी 'खांद्याला खांदा' मंडळाचा स्वयंसेवक. काळ्या, लॅटिनो अशा घरांतल्या मुलांना दर आठवड्याला दोन तास एका मोठ्या माणसाची सोबत द्यायची, हे मंडळाचं काम. मोठी माणसं बहुतेक आमच्यासारखी. गोरी, निवृत्त, घरी कंटाळलेली. म्हणून मुलाला भेटण्याआधी चर्चच्या तळघरात सहा शनिवार 'सांस्कृतिक नम्रता' शिकायची. दुसऱ्याचं आयुष्य आपल्याला आधीच कळलंय असं धरून चालायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. मला तो पहिल्या शनिवारीच कळला. आज तिसरा.

संकल्प : कमी बोलायचं. ऐकायचं. वर्गात सगळ्यांत नम्र व्हायचं.
अडचण एकच, हॅडली क्रू. निवृत्त मास्तर आहे आणि दर शनिवारी रडतो. मला रडता येत नाही. एकेचाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत घर गरम करणाऱ्या फर्नेस दुरुस्त केल्या, डोळे तेव्हाच सुकले.

वरच्या मजल्यावर माझी बहीण बर्निस राहते. तिला संकल्प सांगितले. म्हणाली, "लेनी, तू कमी बोलणार असशील तर त्या बाईंना मी केक पाठवते."

१० नोव्हेंबर, शनिवार
मिस टॉलिव्हर म्हणाल्या, नम्रता कधी शिकून संपत नाही, त्यामुळे परीक्षा नाही. मी विचारलं, मग पहिला कोण आला हे कळणार कसं. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. विचार केला असावा.

नंतर मी माझ्या आईवडलांबद्दल बोललो. पोलंडहून आले तेव्हा दोघांत मिळून एक ट्रंक होती, वगैरे. वीसेक मिनिटं. खाली बसलो तेव्हा ल्युटिशिया नावाची एक बाई खिडकीबाहेर बघत होती. भावना अनावर झाल्या असतील.

मग कागदावर एक प्रसंग दिला. तुमचा मुलगा ठरल्या वेळी आला नाही, फोन उचलत नाही, घरात अंधार आहे. काय कराल? मी लिहिलं : थांबेन. त्याच्या आईला फोन करेन. मंडळाला कळवेन. पोलिसांना मुळीच बोलावणार नाही, कारण माझ्या दारात पोलीस येणं वेगळं आणि त्याच्या दारात येणं वेगळं.
बाईंनी उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. हॅडलीचं नाही दाखवलं. मग कागद परत देताना हळूच म्हणाल्या, "कागदावर हे सोपं आहे, लेनार्ड. त्या दाराशी उभे असाल तेव्हा हेच आठवू दे."
खाली दोनदा रेघ मारून ठेवली.

१४ नोव्हेंबर
समोर एक अनोळखी राखाडी व्हॅन. दोन तास झाले. पोलिसांच्या चौकशीच्या नंबरावर फोन केला. तो मला पाठ आहे. तिथली बाई मला आवाजावरून ओळखते. व्हॅन प्लंबरची निघाली. तरी खात्री केलेली बरी.

२४ नोव्हेंबर, शनिवार
प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा. सगळ्यांना दिलं, हे जरा खटकलं.

आणि आजच माझा मुलगाही मिळाला. डेशॉन पर्नेल. वय सोळा, उंची सहा फूट, आवाज अगदी खाली. त्याची आई सोबत होती. मी हात पुढे करून म्हणालो, "ये, योलांडा." ती म्हणाली, "मिसेस पर्नेल." बाई जरा औपचारिक दिसतात.

त्यांनी माझ्या हातातलं प्रमाणपत्रच उलटं केलं, पाठीवर आपला नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "मी रात्रपाळीला असते, दिवसा झोपते. दाराच्या घंटेची वायर काढून ठेवली आहे. माझ्या मुलाबद्दल काहीही वाटलं, तर आधी मला फोन करा. दुसऱ्या कोणालाही करायच्या आधी. लक्षात राहील ना?"
राहील, म्हणालो. एवढं दोनदा सांगायची गरज नव्हती. डेशॉननेही खाली काहीतरी खरडलं. वाचायचं राहिलं, कारण मी त्याला गॅसच्या फर्नेसबद्दल सांगायला लागलो होतो.

२६ नोव्हेंबर
प्रमाणपत्राला फ्रेम केली. पुढे काच, मागे पुठ्ठा, वरून चिकटपट्टी, हवा आत जायला नको. स्वयंपाकघरात फोनच्या बरोब्बर वर टांगलं, म्हणजे फोनवर बोलतानाही नम्रता डोळ्यांसमोर राहील.
बर्निस खाली साखर मागायला आली. फ्रेमकडे बघत म्हणाली, "नम्रतेला काच लावलीस? आता समोर मेणबत्तीही लाव."
तिला शिक्षणाची किंमत नाही. मी दहावीत शाळा सोडली, मला आहे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार
पहिली भेट. उत्तम झाली. डेशॉनला माझ्या तळघरात नेऊन फर्नेस उघडून दाखवली. एक तास चाळीस मिनिटं. तो "हो, सर" असं चौदा वेळा म्हणाला. मुलाला कामाची ओढ आहे हे मी लगेच ओळखतो.

त्याच्याकडे एक लांब काळी पेटी असते. पायाशी ठेवतो, अंतर देत नाही. आत काय आहे, विचारलं नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही, हेच तर शिकलो.

त्याला बसस्टॉपवर सोडायला गेलो. तळ्यावरून वारा असा की कान गळून पडावेत. मागून पोलिसांची गाडी आली आणि आमच्या चालीने शेजारून चालत राहिली. डेशॉनने खिशातले दोन्ही हात बाहेर काढले आणि तसेच ठेवले. मी म्हणालो, अरे, गारठशील, हात आत घाल. नाही घातले. मी गाडीकडे बघून हात हलवला, आतल्यानेही हलवला. मग ती गेली. डेशॉनचे हात बस येईपर्यंत बाहेरच होते.
त्याच्यासाठी हातमोजे घ्यायचे आहेत.

६ डिसेंबर, गुरुवार
हातमोजे दिले. काळे, लोकरीचे. "थँक यू, मिस्टर लेन," म्हणाला. मला फार बरं वाटलं, ते दाखवलं नाही.
आज तो आपणहून बोलला. "तुमच्या त्या कागदावर मी मागे लिहिलंय, ते वाचलंत का? पुढच्या गुरुवारी—" मी म्हणालो, वाचलं की. (वाचेनच.) तेवढ्यात मला एकोणऐंशी सालची मॅपल स्ट्रीटवरची गोष्ट आठवली आणि ती सांगितली. चिमणी बर्फाने बुजली होती. फर्नेसचा विषारी वायू घरात भरला होता. मी दार उघडलं तेव्हा पाचही जण टेबलाशी बसलेले होते. ताटं वाढलेली. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. डेशॉनने मान खाली घातली आणि पेटीवर हात ठेवून ऐकत राहिला.
त्याच्या घरची फर्नेस किती जुनी, विचारलं. माहीत नाही, म्हणाला.

११ डिसेंबर
झोप नाही. डेशॉनच्या भागातल्या त्या घरांतल्या फर्नेस पन्नास वर्षांच्या असतात.
माझ्या जुन्या साहेबांशी बोलून ठेवलं. जानेवारीत डेशॉनला शिकाऊ म्हणून घेतील. बर्निस म्हणाली, त्याला विचारलंस का. याला सरप्राइज म्हणतात, हे तिला कसं कळणार.

१३ डिसेंबर, गुरुवार
४.०० टेबल मांडलं. सॉसेज, कोबी. नवा कप काढला.
४.२० आला नाही. बस उशिरा असेल.
४.३५ त्याचा फोन बंद. बाहेर अंधार पडला.
४.५० गाडी काढून त्याच्या घरी जाऊन आलो. घंटा दाबली, आवाज नाही. दार वाजवलं, पण हातमोज्यांमुळे आवाज नीट झाला नसावा. सगळे पडदे ओढलेले. चिमणीवर बर्फ. मला टेबलाशी बसलेली माणसं दिसायला लागली. माझ्याकडे खिशातला फोन नाही, म्हणून घरी परतलो.
५.०५ आईचा नंबर कुठेच नाही. ड्रॉवर पाहिला, कोटाचे खिसे पाहिले, टेलिफोनची डायरी दोनदा पाहिली. फोनपाशी उभं राहून पुन्हा पुन्हा आठवलं, कुठे लिहून घेतला होता. समोर भिंतीवर सोनेरी कडा चमकत होती. मंडळाचा फोन मशीनवर गेला.
५.१५ पाठ असलेला नंबर फिरवला. बाईंनी ओळखलं. नुसतं बघून या म्हणालो, सौम्यपणे बघा, असंही म्हणालो. घरात कोण असेल, त्यांनी विचारलं. वर्णन व्यवस्थित दिलं. सोळा वर्षं, सहा फूट, काळा मुलगा, काळा कोट, जवळ लांब काळी पेटी. पेटीत काय आहे? माहीत नाही, म्हणालो. खरं तेच सांगितलं.
५.२५ मन हलकं झालं. सॉसेज ओव्हनमध्ये गरम ठेवलेत.

१४ डिसेंबर, शुक्रवार
मिस टॉलिव्हर यांचा फोन आला. जसं सांगितलं तसं लिहितो.

घरात सगळं ठीक होतं. आई झोपलेली. तिची झोप मोडू नये म्हणून डेशॉन तळघरात आवाज दाबून सराव करत होता. संध्याकाळी साडेसहाला शाळेत त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. उशीर झाला म्हणून पेटी घेऊन मागच्या दाराने पळत निघाला, आणि मागच्या अंगणात त्याच्यावर टॉर्चचे झोत पडले. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या होत्या. पेटी टाक, म्हणाले. त्याने खाली ठेवली. टाक म्हटलं होतं, ठेव नव्हे, म्हणून पुन्हा ओरडले. बर्फात गुडघ्यांवर बसवला, हात डोक्यावर. हातमोजे काढायला लावले. अकरा मिनिटं. आई रात्रीच्या झग्यात, अनवाणी बाहेर आली, तर तिला पायरीवरच थांबवलं. कोणाच्या तरी हातात पिस्तूल होतं.
पेटीत ट्रॉम्बोन होता. पुढेमागे सरकते ती नळी वाकली.

मी म्हणालो, देवाची कृपा, कोणाला काही लागलं नाही. त्यांनी विचारलं, "लेनार्ड, त्यांचा नंबर तुमच्याकडे होता ना?"
हरवला, म्हणालो.
"मिसेस पर्नेल यांनी एकच निरोप दिलाय. 'मी त्यांना सांगितलं होतं.'"

विषारी वायूचं मी समजावून सांगायला लागलो होतो. त्यांना दुसरा फोन आला.

१६ डिसेंबर
बर्निसला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी काही तरी टोचून बोलेल म्हणून तयार होतो. खुर्ची ओढून बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, "गॅस कंपनीच्या माणसांना का नाही केलास फोन? जन्मभर तू लोकांना तेच सांगत आलास."


२० डिसेंबर, गुरुवार
४.०० टेबल मांडलं. सवयीने.
मंडळाचं पत्र आलं. पर्नेल कुटुंबाने सोबत थांबवली आहे. मी त्यांच्याशी संपर्क करू नये. तात्पुरतंच असणार. ट्रॉम्बोन दुरुस्त करून देईन असं उत्तर पाठवलं. माझ्याकडे पाइप वाकवायची हत्यारं आहेत. उत्तर आलं नाही.
प्रशिक्षण पुन्हा करायची तयारीही कळवली. या वेळी नक्की पहिला येईन असं लिहिलं होतं, ते खोडलं.

१८ जानेवारी, शुक्रवार
चर्चमध्ये दर शुक्रवारी माशांचं जेवण असतं, तिथे गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर हॅडली क्रू आणि त्याचा मुलगा. मुलगा हातवारे करून काही सांगत होता, हॅडली काटा हातात धरून नुसता ऐकत होता. मासा गार झाला होता त्याचा. रडत नव्हता.
मी डबा बांधून घरी आणला.

आता झोपण्याआधी कुलपं तीनदा बघतो. रस्त्यावरून गाडी हळू गेली की जागा होतो. परवा एक समोर थांबली होती. फोनला हात लावला नाही. नंबर मात्र अजून पाठ आहे. तो काही केल्या विसरत नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार
मंडळाचा माणूस येऊन ओळखपत्र घेऊन गेला. नव्या प्रशिक्षणात जागा उरली नाही, म्हणाला. प्रमाणपत्र परत द्यायचं का, विचारलं. ठेवा, म्हणाला.
तो गेल्यावर फ्रेम उतरवली. कुठे ठेवावी हे सुचेना. शेवटी चाकूने चिकटपट्टी कापली.

मागे डेशॉनच्या आईचा नंबर मोठ्या, स्वच्छ आकड्यांत आहे. चष्म्याशिवायही वाचता येतो. त्या संध्याकाळी तो माझ्या नाकासमोर होता, एका काचेपलीकडे, कागदाच्या पाठीवर. मला वाटतं, फोनपाशी उभा असताना मला तो कुठे आहे ते आठवलं होतं. फ्रेम फोडायला लागली असती. हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

खाली डेशॉनचं अक्षर, तिरपं : 'गुरुवार १३ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा, शाळेचा हॉल. मी एकट्याने वाजवणार आहे. मला घरून दोन माणसं आणता येतात. आई एक. दुसरे तुम्ही याल का?'

नंबर फिरवून पाहिला. तो आता वापरात नाही, असं एक बाई सांगते. तीन वेळा सांगितलं.

डेशॉन, हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, पोचवूही नये, ते मला कळलंय. कागदावर मागे खाली थोडी जागा आहे, तिथे मी 'हो, येईन' असं लिहिलंय. तू काही मोठं कळवू नकोस. वाजवतोस का अजून, एवढंच एका ओळीत. पण लवकर कळव.