शीर्षकांचं वजन

प्रिय मामा,

नमस्कार खाली केला आहे. आधी घडलेलं, क्रमाने:

१. सोमवारी प्रेसमध्ये आईच्या पुस्तकाची फाइल उघडली. पानं लावायचं सॉफ्टवेअर बंद पडलं.
२. पुन्हा उघडली. पुन्हा बंद पडलं.
३. तिसऱ्यांदा बंद पडलं नाही, गोठलं. बाण हलेना, पान सरकेना.
४. ऑपरेटरने मशीनला शिव्या दिल्या.
५. प्रेसच्या मालकांनी मशीनची समजूत काढली.
६. आईने मला बोलावलं.
७. गुरुवारी दुपारी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न अडखळता चालली. छपाईची पीडीएफ निघाली.

सहा आणि सात यांच्यामधली जागा मी भरली. त्याबद्दल हे पत्र.

आता नमस्कार. तुझा खांदा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली, की डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करतोस, पण ती बघत असली तरच. तो ती नसतानाही करायचा असतो. तिलाही नमस्कार सांग आणि तिने दिलेलं झाड जिवंत आहे असं सांग (पाच पानं आहेत; आलं तेव्हा सात होती, पण हे तिला सांगू नकोस). मी बरी आहे. आईही बरी आहे, म्हणजे तिचं बोलणं नेहमीच्या वेगाने चालू आहे.

तुला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा लिहिते, कारण मधली पायरी गाळलेली मला चालत नाही. आई तिचा शिवणक्लास या महिन्याअखेर बंद करते आहे. शेवटच्या रविवारी निरोपाचा कार्यक्रम आहे, हॉल ठरला आहे, आणि क्लासमधल्या प्रत्येकीच्या हातात तिला आपलं पुस्तक द्यायचं आहे. नाव ‘काज ते कॉलर’, प्रकरणं बारा. आयुष्यभर जे फळ्यावर काढून पुसलं ते यात एकदाचं राहणार, असं ती म्हणते. पुस्तक आलं नाही तर ती हॉलवर जाणार नाही, हेही म्हणते, आणि ती बोलते तसं करते हे तुला मी सांगायला नको. येत्या गुरुवारी छपाई सुरू झाली तरच पुस्तक वेळेत होतं. एरवी छपाईचं मशीन दिनदर्शिकांना लागणार आणि मग महिनाभर कुणाचं नाही. आईची एकच अट होती: मुखपृष्ठ आणि प्रकरणांची शीर्षकं तुझ्या अक्षरात हवीत. तू जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकलास आणि आपल्या ब्रशच्या अक्षरांचा फॉन्ट स्वतः तयार करून बहिणीला पाठवलास. त्या दिवशी तिने शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं. एका घरात फॉन्ट म्हणजे काय हे विचारलं गेलं, तेव्हा ती म्हणाली, भाऊ असावा लागतो.

तर मी मंगळवारी रजा काढून प्रेसमध्ये गेले. (माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची आहे. आई लोकांना सांगते, ती दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो. आमच्या घरात हे काम मी फुकट करायचे.) प्रेस म्हणजे एक लांब खोली. एका टोकाला कागद कापायचं मशीन, दुसऱ्या टोकाला दोन कॉम्प्युटर, मध्ये रिमांचे ढीग आणि त्या ढिगांवर चहाचे पेले. ऑपरेटरना तिथे सगळे अनडूमास्तर म्हणतात, कारण ते काहीही केलं की लगेच अनडू करून बघतात, की परत जाता येतं ना. मग पुन्हा करतात. त्यामुळे त्यांचं काम दुप्पट होतं, पण त्यांना झोप शांत लागते. मालक सज्जन आहेत. त्यांच्या मते दोष कागद कापायच्या मशीनच्या धक्क्यांचा होता, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या होत्या. मॉनिटर एका बाजूला कलला होता आणि अनडूमास्तरही सोमवारपासून मान त्याच बाजूला कलवून बसले होते.

अनडूमास्तरांचं मत वेगळं होतं. सॉफ्टवेअर दमतं. प्रत्येक प्रकरणानंतर त्याला विश्रांती द्यायला हवी. ती ते देत होते, आणि त्या वेळात स्वतः चहा घेत होते. मी मागे उभी राहिले तर म्हणाले, “ताई, जरा बाजूला व्हा. कुणी बघत असलं की ते बिचकतं.” मी बाजूला झाले. ते तरीही बंद पडलं. “बघा, अजून मनात आहे त्याच्या,” ते म्हणाले.

आईचं मत तिने दारातूनच सांगितलं. टाके फार घट्ट आणि फार जवळ घातले की कापड आवळतं, तसं कुठेतरी झालं असणार. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं, की सॉफ्टवेअर म्हणजे कापड नव्हे. (हे वाक्य लक्षात ठेव. मला ते पुढे गिळावं लागलं.)

पहिलं काम मी हे केलं की सगळ्यांना सगळं करणं थांबवायला लावलं. मग फाइलची प्रत काढली आणि मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं. सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. मेमरी तपासली, ती ठीक होती. डिस्क तपासली, ती ठीक नव्हती: अनडूमास्तरांनी गेल्या अनेक वर्षांतल्या प्रत्येक व्हिजिटिंग कार्डाच्या ‘फायनल’, ‘फायनल खरं’ आणि ‘आता शेवटचं’ अशा प्रती जपल्या होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर हलवल्या. सामान गाडीत चढताना घर सोडणारा बघतो तसे ते बघत होते. एवढं करून फाइल उघडली. बंद पडली. मालकांनी पुठ्ठ्याची आणखी एक घडी सरकवली.

बुधवारी मी फाइलचे दोन भाग केले. ही साधी रीत आहे. ज्या अर्ध्यात दोष तो अर्धा बंद पडतो, मग त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. पहिला अर्धा बंद पडला, मला बरं वाटलं. दुसराही बंद पडला. मामा, मी हे काम पोटापाण्यासाठी करते आणि दोन्ही अर्धे बंद पडणं हा मला व्यक्तिशः अपमान वाटला. मी जेवायला गेले नाही. प्रकरण-प्रकरण वेगळं केलं, मग पान-पान. तेव्हा कळलं, की प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पानच बंद पडतं, बाकीची सरळ चालतात. सगळ्यांनी एका सुरात आकृत्यांना दोष दिला. बाही, गळा, कॉलर बेतण्याच्या आकृत्या खरोखरच दाट आहेत. पण पहिल्या पानावर आकृती नाही. पहिल्या पानावर आहे फक्त शीर्षक.

दोष एका फॉन्टमध्ये होता. कोणत्या, याच्या तपशिलात इथे शिरत नाही. पुस्तकात फॉन्ट दोनच आहेत.

गुरुवारी दुपारी मी दुरुस्त फाइल उघडली. मालकांनी कागद कापायचं मशीन थांबवायला सांगितलं. खोली इतकी गप्प झाली की पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मी पानं सरकवत गेले, न थांबता, मुद्दाम वेगाने, आणि प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर अनडूमास्तर डोळे मिटत होते. शेवटचं पान आलं. मी पीडीएफ काढली. पीडीएफ निघाली. मग मी तेच सगळं पुन्हा केलं, कारण एकदा चालणं हा पुरावा नसतो. पुन्हा चाललं. अनडूमास्तरांचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला आणि त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. मालकांनी पुठ्ठे काढायला नकार दिला, त्यांच्या मते श्रेय दोघांचं आहे. आता मला तिथे डॉक्टर म्हणतात आणि कालपासून प्रेसमधले दोन प्रिंटर, एक कॅल्क्युलेटर आणि मालकांचा फोन माझ्याकडे तपासणीला आले आहेत. मी फुशारकी मारत नाही. जे झालं ते लिहिते आहे. पण मला फार बरं वाटलं, हेही झालं.

मामीला पुन्हा नमस्कार. खांदा जप.

तुझी भाची

ता. क. तपशिलात शिरते. फॉन्ट तुझा होता. साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराची कडा तीस-चाळीस बिंदूंनी बनते. तुझ्या एकट्या ‘क’मध्ये अकरा हजारांहून जास्त बिंदू निघाले. अक्षरं स्कॅन करून रेषांत बदलताना तू ‘तपशील’ची पट्टी शेवटपर्यंत सरकवलीस, हे उघड आहे, आणि मन लावून पाट्या रंगवणारा दुसरं काय करणार, हेही मला कळतं. मोठं करून पाहिलं तर ब्रशच्या प्रत्येक केसाचा ओरखडा आहे, कागदाची खरखर आहे, आणि ‘ळ’मध्ये रंगात अडकलेला ब्रशचा एक सुटा केसही आहे, त्याच्या दोन्ही कडांसकट. सॉफ्टवेअर शीर्षकाला पोचलं की हे सगळं मोजत बसायचं आणि कोसळायचं. थोडक्यात, टाके फार घट्ट आणि फार जवळ होते. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. मी तुला न विचारता ते बिंदू कमी केले. ‘क’ आता बेचाळीस बिंदूंचा आहे. याबद्दल मी माफी मागत नाही, फाइल चालत नव्हती. तुझा मूळ फॉन्ट मी जसाच्या तसा चार ठिकाणी जपून ठेवला आहे. अनडूमास्तर म्हणाले, फरक कुणाला दिसणार नाही. मलाही दिसला नाही.

ता. क. ३. आईला दिसला. आज सकाळी तिने मी नमुन्याला छापून आणलेली पानं टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि शीर्षकावरून बोट फिरवलं. म्हणाली, “हे त्याचं नाही.” मी म्हटलं, त्याचंच आहे. “त्याच्या ‘क’चं शेपूट फाटतं. ब्रश उचलताना तो मनगट वळवतो, शाळेत होता तेव्हापासून. हे कुणीतरी इस्त्री केलंय.” तिने पानं एकावर एक नीट ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. “फाइल चालते ते चांगलंच झालं. पण मला इस्त्री केलेला भाऊ नको.”

तेव्हा काम असं आहे. फॉन्ट नको, कॉम्प्युटर नको. पांढऱ्या जाड कागदावर, काळ्या रंगात, तुझ्या ब्रशने पुस्तकाचं नाव आणि बारा शीर्षकं लिही. यादी सोबत जोडली आहे. मी ती चित्रं म्हणून बसवेन. चित्रांना सॉफ्टवेअर घाबरत नाही, आज दुपारी तपासलं. शेपूट फाटू दे. केस अडकला तर राहू दे. फोटो दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, फ्लॅश न लावता मामीला काढू दे. फोटो काढताना तुझा हात हलतो. खांद्याला सगळं झेपणार नसेल तर फक्त मुखपृष्ठ लिही, आतल्या शीर्षकांचं आईशी मी बघते. तू मेल रविवारीच उघडतोस, म्हणून मामीला फोन करून हे तुला आजच दाखवायला सांगितलं आहे.

होकार असो की नकार, बुधवारी दुपारी बाराच्या आत कळव.