कबड्डी बंद, व्हॉलीबॉल सुरू

रविवार, ४ जून १९७८. सकाळी ५ वा. ४० मि.
नानांच्या पडीक जागेवर पोरांसोबत मुरूम पसरत होतो. उजाडत होते. नाना गावचे जमीनदार, म्हणून आमच्या नव्या क्रीडा प्रबोधिनीचे अध्यक्ष. मी चिटणीस, नववी नापास. पेंटरने पाटीवर ‘क्रिडा’ लिहिले होते, पुसून ‘क्रीडा’ करून घेतले. कबड्डीची पोरे चौदा. गावातली आठ, वेशीबाहेरच्या दलित वस्तीवरची सहा. वडील किराणा दुकानातून म्हणाले, “गिऱ्हाईक सोडून मुरूम टाकायलास. टाक.”

मंगळवार, ११ जुलै
वस्तीवरचा उत्तम चढाईला गेला की दोघा-तिघांना शिवूनच येतो. आज नानांच्या मुलाने, बाळूने, त्याची कंबर धरली. दोघे चिखलात लोळले, तिथेच हसत बसले. बाळू म्हणतो, “भाऊ, ह्याला तेल लावून सोडलंय का?” सोनपेठच्या संघाला हरवू, असे पहिल्यांदा वाटले. लगेच भीतीही वाटली, गावातले कोणी बघत तर नाही ना.

रविवार, ६ ऑगस्ट
विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे पेटले आहे. पलीकडच्या गावात वस्ती जाळली. आमच्याकडे जाळले नाही. वस्तीला काम बंद, गिरणी बंद. वडिलांनीही माल देणे थांबवले. मी गावातल्यांच्या पुड्या बांधत राहिलो. मैदानावर कोणी नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर
पोरे परत यावीत म्हणून नानांकडे गेलो. सुपारी कातरत म्हणाले, “शिवा, तुझी कबड्डी बंद कर. गडी धरायचा म्हणलं की मिठी मारावी लागती. लोकं म्हणायलेत, आमचं लेकरू त्यांच्या अंगावर पडायलंय.”
मी म्हणालो, मग प्रबोधिनीच...
“ती कशाला बंद? जाळं देतो, चेंडू देतो. जाळं मधी असलं म्हंजे कुणाचं अंग कुणाला लागत न्हाई. खेळू दे की समद्यायला.”
जागा त्यांची. हो म्हणालो. वस्तीवरची सहा पोरे निदान राहतील.

शनिवार, २१ ऑक्टोबर
जाळे बांधले. संघ पाडा म्हणालो. गावातली इकडे, वस्तीवरची तिकडे. मला काही सांगावे लागले नाही. बाळूला म्हणालो, तू तिकडे जा. तो खाली बघत उभा. उत्तम म्हणाला, “ऱ्हाऊ द्या भाऊ. आमाला समजलं.”
तासभर खेळले. चेंडू तेवढा इकडून तिकडे गेला.

रविवार, १३ जानेवारी १९८०
प्रबोधिनी वाढली. पोरे बेचाळीस, पोखर्णी गावचीसुद्धा दोन. राहायला पत्र्याची खोली. वस्तीवरचे कोणी नाही. एकेक करून यायचे थांबले, मी बोलवायला गेलो नाही. उत्तम देवगाव फाट्यावर ट्रक भरतो.
आज पाहुण्यांपुढे नाना म्हणाले, “हितं जातपात न्हाई. एका चेंडूवर समदे.” टाळ्या. मीही वाजवल्या. हार मीच आणले होते.

सोमवार, ४ फेब्रुवारी
उत्तम दुकानाशी आला. पायरीखालीच थांबला. रविवारी परभणीत कबड्डीची निवड आहे. फाट्यावरची सात पोरे त्याने जमवली आहेत. रस्त्याच्या कडेला खडीवर सराव करतात, दोघांचे गुडघे फुटले.
“चार दिस जाळं काढा भाऊ. रेघा मारा कबड्डीच्या. आमी पहाटं येऊन खेळून जाऊ.”
नानांना विचारून सांगतो, म्हणालो.
“नानाला इचारायचं असतं तर वाड्यावर गेलो असतो.”
साखर घ्यायला आला होता. न घेताच गेला.
दुपारी सोनपेठला जाऊन रेघा मारायची पांढरी फक्की आणली. पोते मैदानाच्या कडेला ठेवले. पोरे जाळ्यावर खेळत होती. बाळू म्हणाला, “आवं, आपल्या रेघा तर हायेत की. एवढी फक्की कशाला?” जाळ्याची गाठ बघून आलो. घट्ट आहे, पण सुटेल. पहाटे मैदान मोकळे असते. उद्या जाळे सोडून कबड्डीच्या रेघा मारता येतील. नाना फिरायला सहाला येतात.

खर्च : फक्की एक पोते ७ रु., एस.टी. जाऊन-येऊन २ रु. ४० पै. एकूण ९ रु. ४० पै.
देणे : फक्कीवाल्याचे, वरच्या सात रुपयांपैकी, ३ रु. नानांचे जाळे, चेंडू, खोलीचे पत्रे मिळून ९३५ रु. नाना मागत नाहीत.