कंपनीची पत्रिका

१५ जाने., गुरु.
आज सकाळी आंघोळ झाल्यावर कंपनीचा तिमाही निकाल देवापुढं ठेवला. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं. खाली लावणार होतो, पण तिथले आकडे आधीच लाल. कुंकू दिसलं नसतं.
सौ. चहा घेऊन आली. "काय ते? गणेशची पत्रिका का?"
"कंपनीचा निकाल."
"पास झाली का?"
काय सांगणार. आमची कंपनी म्हणजे माणसं पुरवायची. वि.नं (विक्रांत, माझा भाचा, मालक) आळेफाट्याला दोन खोल्यांत काढलेली. चाकणच्या, रांजणगावच्या कारखान्यांना तेवढ्यापुरती पोरं लागतात, ती आम्ही देतो. मढच्या बाजूच्या वाड्यांपासून इकडं पिंपरी पेंढारपर्यंतची पोरं गोळा करून गेटापाशी सोडायची हे माझं काम. दिवाळीपासून सोडणं कमी, परत आणणंच जास्त. वि.नं निकालात लिहिलंय, 'मनुष्यबळाचा बाजार सध्या मऊ आहे.' सौ.ला वाचून दाखवलं.
"मऊ व्हायला ती काय भाकर हाय?" म्हणाली आणि कप घेऊन गेली.

१६ जाने., शुक्र.
निकालाची सभा. असा दर तीन महिन्यांनी निकाल काढायची सक्ती आपल्याला नाही, मोठ्या कंपन्यांना असते, हे वि.च सांगतो. पण म्हणतो, "मामा, सवय आत्तापासून हवी." सभा मंगल कार्यालयात. कार्यालयाच्या मालकानं भाडं घेतलं नाही. लग्नंच कमी झालीत, म्हणाला, निदान दिवे तरी लागू द्या.
भागधारक म्हणजे सगळे नातेवाईकच. वि.नं पडद्यावर बाण दाखवला, खाली जाणारा. तात्या, म्हणजे वि.चे चुलते, पहिल्या रांगेत.
"बाण खाली का चाललाय रं?"
"तात्या, कारखाने माणसं घेत नाहीत."
"मग आता?"
"खर्च कमी करायचा."
"आन् मग हे गुलाबजाम कशाला?"
सगळे हसले. पण गुलाबजाम कुणी सोडला नाही. तात्यांनी दोनदा घेतले.
जेवणानंतर वि.नं मला बाजूला घेतलं. काम नसलेल्या पोरांची नावं ३१ तारखेला पटावरून कमी करायची. सांगायचं मी. "मामा, तुम्ही सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही."
गणेशचं नाव आहे त्यात.
गणेशचंच.

१७ जाने., शनि.
जपात मन लागलं नाही.
गणेश पिं. पेंढारचा. स्वभावानं गरीब, कामाला वाघ. त्याचं लग्न मीच जुळवलं. मुलगी कोमल, बेल्ह्याच्या रंगनाथशेठची. शेठ बैलांचे व्यापारी. दिवाळीत त्यांनी एकच विचारलं होतं, "पोरगं कामावर हाय ना?" मी म्हणालो, आहे. तेव्हा होता. आता आमच्याकडं घर, जमीन, उंची, रंग सगळं नंतर. आधी काम. काम नसलेल्या पोराला मुलीकडचे पाणी देतात, चहापर्यंत जात नाहीत.
साखरपुडा १ फेब्रु. पटावर नाव ३१ जाने.पर्यंत. एका दिवसानं चुकतंय.
दुपारी शेठचाच फोन. "पावणं, पोराची पत्रिका जुळली. आता कंपनीची दाखवा."
"कंपनीची कसली पत्रिका, शेठ?"
"दर तीन म्हैन्याला निघती म्हनं. बैल घेताना मी दात बघतो. पोरगी देताना कंपनीचं बघू नको व्हय?"

१९ जाने., सोम.
बेल्ह्याचा बाजार. टेम्पो, मोटारसायकली, धूळ. शेठ लिंबाखाली उभे. निकाल हातात घेतला, उन्हाला धरला, मागं उलटून कोरी बाजू बघितली. "हितं काय न्हाई?"
"नाही."
"हे बरं हाय."
शेजारच्या व्यापाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "लई खाली आलंय राव. म्हंजी घ्यायची हीच येळ." दुसरा म्हणाला, जनावर इतकं खाली बसलं की उठत नसतंय. दोघांची जुंपली.
शेठनं त्यांना भांडू दिलं आणि माझा हात ओढून उपरण्याखाली घेतला. इथं बैलाचा भाव असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून. चारचौघांत आकडा बोलायचा नाही. हळूच म्हणाले, "पाच बोटं म्हंजी पक्कं. पोराचं काम टिकायचं किती बोटं?"
एक दाबायचं होतं. खरं तर एकही नाही. शेठच्या तळव्याला दोरानं घट्टे पडलेले. म्हणाले, "पोरगी येकच हाय, पावणं."
चार दाबली.
उपरणं दूर झालं. "झाला सौदा!" भेळ आली. मी खाल्ली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

२० जाने., मंगळ.
माळ हातात घेतली, ठेवली. तोंडानं खोटं बोललो नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण माळ ओढतो ती याच बोटांनी.
ऑफिसात गर्दी. बिनकामाची पोरं रोज सकाळी डबा घेऊन घरून निघतात. गावाला वाटतं कामाला चालली. ती आमच्याकडं येऊन बसतात. बाराला डबे उघडतात. आज मेथी, पिठलं, एकाची भरली वांगी.
वि. म्हणाला, "मामा, काम होतं तेव्हा कधी इतकी हजेरी नव्हती." आणि वांगं उचललं. गणेशनं मला चटणी वाढली. त्याच्याकडं बघवेना.

२२ जाने., गुरु. माघी गणेश जयंती
ओझरला दर्शन घेतलं आणि तसाच पिं. पेंढारला. गणेशच्या घरी आज सांगायचंच, असं देवासमोर ठरवून.
त्याच्या आईनं टेकूही दिलं नाही. "बरं झालं आलात मामा. साखरपुड्यात तुमाला मानाची टोपी घालायचीय. माप द्या." सुतळीनं डोक्याचं माप घ्यायला लागली. डोक्याभोवती सुतळी असताना वाईट बातमी सांगता येत नाही.
बाप म्हणाला, "मामा आज बोलत का न्हाईत?"
"देवाहून आल्यात. मौन असंल," आई म्हणाली.
मग मी मौनातच राहिलो. निघताना गाडीला भला मोठा भोपळा बांधून दिला. घरी सौ.नं विचारलं, "काय म्हनले?" म्हणालो, भोपळा दिला. ती म्हणाली, "तो दिसतोय."

२४ जाने., शनि.
वि.ला म्हणालो, गणेशला साखरपुडा होईपर्यंत ठेव. नुसतं नाव.
"मग बाकीच्यांची लग्नं नाहीत का, मामा?"
खरं आहे.
मग वि.च म्हणाला, त्याचं स्वतःचं मंचरचं स्थळ मोडलं. मुलीच्या भावानं आमचा निकाल वाचला.
"त्याला कुणी पाठवला?"
"कुणी नाही. मीच स्टेटसला ठेवला होता."
तेहतीस संपतील आता याला. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघायचा. वरून सगळं आधी दिसायचं, आणि मला ओरडून सांगायचा.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनाहून आलो तर शेठचा फोन. बाजारातल्या आणखी दोघांच्या मुली लग्नाच्या आहेत. "तुमी चार बोटं दिली म्हनल्यावर त्यांनाबी धीर आलाय. कंपनीत अजून पोरं हायत का?"
पोरं आहेत. मेथीचा डबा, पिठल्याचा डबा, वांग्याचा डबा.
वि.ला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "मामा, म्हणजे मागणी आहे!" मग हळूच म्हणाला, "तिसऱ्या कुणाची आहे का मुलगी?"
सौ.ला सगळं सांगून टाकलं, उपरण्यासकट. मला वाटलं रागवेल.
ती म्हणाली, "मला बघायला आलात तवा तुमच्या थोरल्या भावानी सांगितलं व्हतं, पोरगा पर्मनंट ड्रायवर हाय."
"मग? झालाच की संसार."
"झाला. मीच पर्मनंट झाले म्हनून झाला." मेथी निवडत होती. हातातली जुडी ठेवून म्हणाली, "पन आधी कुनी सांगितलं असतं, तर मी तरीबी हो म्हनले असते. ते म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं."
इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती.

२९ जाने., गुरु. एकादशी
उपास. डबे उघडायच्या आधी सगळ्या पोरांना सांगितलं. उभ्यानं. ३१ नंतर पटावर नावं नाहीत. काम आलं की पहिला फोन तुम्हालाच.
मग मागून एक जण, "मामा, मग हितं यायचं बंद करायचं का?"
"कशाला? या की."
डबे उघडले. आज भाज्यांचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता, उपासामुळं असेल. वि. आतल्या खोलीत दार लावून बसला. त्याला कुणीतरी भाकरी नेऊन दिली.
गणेश पायरीवर एकटा. त्याच्याजवळ बसलो. विचारलं, "शेठना तू सांगतोस का?"
"मी सांगितलं तर तिथंच मोडंल."
"आणि मी सांगितलं तर?"
"तर रागवायला आधी तुमी तरी असाल समोर. माझ्यापत्तुर येईस्तवर जरा निवंल."
मग म्हणाला, "पन सांगा मामा. मला फसवून न्हाई करायचं." एवढं बोलून मोटारसायकल उगाच पुसायला लागला. आधीच स्वच्छ होती.

३० जाने., शुक्र.
गेलो नाही. गाडी पंक्चर.
नव्हती. हवा कमी होती.

३१ जाने., शनि.
बेल्ह्याला गेलो.
अंगणात मांडव उभा. शेठ बैल धूत होते. "पावणं, येक दिस आदीच?" खाटेकडं हात केला. बसलो नाही. बसलं की चहा येतो. चहा आला की कांद्याचा भाव निघतो, मग बिबट्या कुठं दिसला ते, मग निघायची वेळ होते.
उभ्यानंच म्हणालो, "शेठ, गणेशला काम नाही. दोन महिने बसून आहे. आज पटावरूनही नाव गेलं. बाजारात तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. मी तुम्हाला फसवलं."
मोठ्यानं बोललो असणार. आत भांड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या गच्चीवर एक बाई पापड घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.
शेठ बैलाच्या पाठीवर पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी ओतत राहिले. मग म्हणाले, "माझ्याच बाजारात? मला?"
"होय."
"तीस वर्सं झाली हितं. आजवर बैलानंबी फसवलं न्हाई मला."
मी मान खाली घातली.
"आन् पोरगं?"
"पोरगं चांगलं आहे."
"चांगलं हाय ते दिसतंय मला. पन खानार काय, चांगलं?"
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंडपवाला. खुर्च्यांचा टेम्पो फाट्यावर आलाय, आत आणू का. शेठनं फोन कानाला लावला आणि माझ्याकडं बघत राहिले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.
आतून कोमलचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. "बाबा, खुर्च्या उतरवायला सांगा. उद्या भांडायचं म्हनलं तरी मानसं बसूनच भांडतील ना?"
शेठनं मागं वळून दाराकडं बघितलं, मग बैलाकडं. फोन तसाच कानाला. पलीकडचं "हॅलो, हॅलो" मला ऐकू येत होतं.
राम राम केला आणि निघालो. फाट्यावर टेम्पो उभाच. ड्रायव्हरनं काच खाली केली. "काय पावणं, रंगनाथशेठकडनंच आला ना? जाऊ का आत?"
"मला नको विचारू, बाबा," म्हणालो. "माझं सांगायचं होतं ते मी सांगून आलोय."