राष्ट्राध्यक्षांचं विमान आणि रेमेतबायचं रीळ

४ फेब्रु., शुक्र.
नायगावला मयत. रेमेतबाय, कोळीवाड्यातली. वय कोणालाच नक्की माहीत नाही. मुलगा इनास जहाजावर फिटर आहे. त्याला तार गेली, उलट तार आली: पोचू शकत नाही, फोटो काढून ठेवा. म्हणून मला बोलावणं. मुलगी सिसिल एकटीच घरभर धावत होती.
सात काढले. तीन पेटीभोवती सगळे उभे असलेले, दोन देवळाच्या दारात, दोन नुसत्या तोंडाचे, जवळून. बाईचा जन्मात दुसरा फोटो नाही. सिसिलच्या लग्नात मीच होतो, कॅमेरा वळला की म्हातारी टोपांच्या मागे जायची. एका फोटोत पाठ आलीय तेवढीच. आज पळाली नाही. असं लिहू नये, पण मनात आलं.
रिळात पाच शिल्लक. अर्धं रीळ धुवायचं नाही ही माझी सवय. आठवड्यात कोणाचं तरी काही निघेलच.

६ फेब्रु., रवि.
चर्चमधल्या मिस्सेनंतर जावई आला, मार्शल. सांताक्रूझला विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये असतो. बुधवारी बाहेरच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष येणार. देशाचं नाव त्याने दोनदा सांगितलं, माझ्या तोंडात बसलं नाही. म्हणाला, "पापा, आमच्या गच्चीवरून विमानाची शिडी समोर दिसते. कॅमेरा घेऊन या. जन्मभर नवरा-नवरी नाहीतर मयत. एकदा तरी मोठा माणूस काढा, तोही जिवंत."
मी म्हटलं, पकडतील.
"कोण पकडतो? आमचे भटारी चढतात वर, हातातली पोळी ठेवून."
आमच्या हिने आतून ऐकलं, तो गेल्यावर म्हणाली, "मयताचं रीळ कॅमेऱ्याच्या पोटात घेऊन मिरवायला चाललाय हा." मी म्हटलं, पाचच तर आहेत, त्यातच संपेल, आल्याबरोबर धुतो.
खरं म्हणजे मला जायचंच होतं.

८ फेब्रु., मंगळ.
गच्चीवर वारा असेल, हात हलेल. ऊन पुढून येतं का मागून, ते मार्शलला विचारायचं राहिलं. चांगला शर्ट इस्त्रीला दिला. हिला विचारलं, राष्ट्राध्यक्ष उतरताना टोपी काढायची असते का. म्हणाली, "तो काय तुला बघायला येतोय?"

९ फेब्रु., बुध.
रीळ गेलं. आज लिहवत नाही.

१० फेब्रु., गुरु.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहून टाकतो.
काल दुपारी. गच्चीवर टेबलांच्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या मागे मी, मार्शल आणि दोन भटारी. खाली बँडवाले, फुलं घेतलेल्या बायका, लाल जाजम. विमानाचं आधी पांढरं पोट दिसलं, आवाज मागाहून आला. एवढं मोठं, आणि एवढं सावकाश. एक काढला. चाकं टेकली, दुसरा. शिडी लागली, दार उघडलं, काळ्या कोटातला ठेंगणा माणूस दारात, कॅमेऱ्याच्या काचेत तांदळाएवढा. तिसरा. हार घातला, चौथा. त्यांनी हात जोडले, पाचवा. कोणाला जोडले कोण जाणे. मला वाटलं मलाच.
मग खांद्यावर हात पडला. एक खाकीतला, एक साध्या कपड्यातला. भटारी केव्हाच खाली पळाले होते. साध्या कपड्यातला विचारत होता.
"परवानगी?"
"नाही साहेब."
"काय काय घेतलं?"
"विमान. पाच."
"बाकीचं रीळ?"
"कोरं आहे साहेब. काही नाही त्यात."
का म्हणालो मी असं? मयत म्हटलं असतं तर कोण मेलं, कसं मेलं, अजून चौकशी, असं काहीतरी वाटलं. तेही नंतर जुळवतोय. तेव्हा तोंडच आपोआप बोललं.
त्याने मागचं झाकण उघडून रीळ ओढलं. सगळं. लख्ख ऊन होतं. पट्टी वळवळत चादरीवर पडली. सात न् पाच बारा.
कॅमेरा मला त्याने दोन्ही हातांनी परत दिला. म्हणाला, "आजोबा, विचारून यायचं. नाही कोण म्हणालं असतं?" मार्शलचं नाव लिहून घेतलं, आणि त्यालाच सांगितलं, यांना चहा द्या. चांगला माणूस होता. त्याला खरं सांगितलं असतं तर त्याने...

१२ फेब्रु., शनि.
सिसिल बाजारात मासळी घेऊन आली होती, जाताना घरी डोकावली. "काका, इनासचं पत्र आलं. चोवीसला जहाज मुंबईला लागतंय. लिवलंय, आईचा तोंडाचा फोटो मोठा करून ठेव, जहाजावर पलंगाशी लावीन. झाले ना धुवून?"
मी म्हटलं, औषध संपलंय, सांगितलंय आणायला.
"पन चांगले आलेत ना?"
"चांगले आलेत."
दोन पापलेटं ठेवून गेली. हिने तळली. मला खाववलं नाही.

१४ फेब्रु., सोम.
जे केलं ते लिहितो. जुन्या निगेटिव्हांचा खोका काढला. गास गावची एक बाई, पाचेक वर्षांपूर्वीचं मयत. तिच्या घरचं आता इथे कोणी नाही. पेटी तशीच, फुलं तशीच, डोक्यावर पदर. उजेडात धरलं. निगेटिव्हमध्ये तोंड काळं, फुलं काळी, कोणीही कोणाची आई वाटते. छोटी प्रिंट काढली. ओली होती तोवर वाटलं, चालेल. सुकली आणि गासची बाई झाली.

१६ फेब्रु., राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून घेतली. फादर बोलतात ते दरवर्षीचंच, तू माती आहेस, मातीला मिळशील, पण आज मान वर होईना. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. प्रिंटही दाखवली.
"ही कोण?"
"गासची."
हिने ती चुलीत घातली. "इनासला आईचं तोंड ओळखू येणार नाही असं वाटलं तुला?"  मग म्हणाली, "उद्या नायगावला जा."

१८ फेब्रु., शुक्र.
काल गेलो नाही. आजही नाही. मार्शल येऊन गेला, कामावर त्याला नुसती समज देऊन सोडलं. म्हणाला, "पापा, एका रिळासाठी एवढं काय?" त्याला माहीतच नाही रिळात काय होतं. त्यालाही मी सांगितलं नव्हतं.

१९ फेब्रु., शनि.
गेलो. सिसिल अंगणात जवळा पसरत होती. उभ्यानेच सांगितलं. विमान, गच्ची, पोलीस. कोरं आहे म्हणालो, तेही. ते सांगायचं नाही असं गाडीत ठरवलं होतं.
तिने विचारलं, "कोनाचं विमान?"
"राष्ट्राध्यक्षांचं."
"कुठल्या देशाचे?"
मला सांगता आलं नाही.
ती जवळा पसरत राहिली. एकाच जागी, पुन्हापुन्हा. रडेल, शिव्या देईल, मी तयार होतो. मग म्हणाली, "काका, मी तिचं तोंड बघितलंच नाय."
मी म्हटलं, असं कसं, तू तर उशाशी होतीस.
"तुम्हीच सांगत होतात ना. इकडे बघा, सगळ्यांनी इकडे बघा, रडू नका, हलू नका. आम्ही तुमच्याकडे बघत होतो. शेवटचे दोन काढताना तर बाजूला केलंत आम्हाला, सावली पडते म्हनून. मग लगेच झाकन लावलं. मनात म्हटलं, नंतर फोटोत बघीन सावकाश."
मला बसावंसं वाटलं. कोणी बस म्हटलं नाही.
"तुम्ही बघितलंत ना तिला? मग इनासला तुम्हीच सांगा कशी दिसत होती. मी नाय सांगनार."
चाळीस वर्षं मयतात उभा राहून ओरडतोय, इकडे बघा. किती जणांनी माझ्याकडे बघितलं असेल.

२१ फेब्रु., सोम.
आठवून लिहायला बसलो. कॅमेऱ्याच्या काचेत उजवं-डावं उलटं दिसतं. रोजरीची माळ उजव्या हातात दिसली म्हणजे डाव्या हातात असणार. गालावर तीळ होता का फुलाची सावली? कानात काही होतं? मी बघतो ते ऊन कुठून येतं, हनुवटी किती वर, मागे कोण डोकावतंय. तोंड बघायचं ते रीळ धुतल्यावर. मीही नंतरसाठीच ठेवलं होतं.
पानभर झालं. वाचून बघितलं. कुठल्याही म्हातारीचं आहे.

२५ फेब्रु., शुक्र.
इनास आला. मला वाटलं सिसिलबरोबर येईल, चार माणसं आणील. एकटाच. केस विरळ झालेत. ओट्यावर बसला. मी हात जोडायला गेलो, त्याने धरून खाली केले.
"विमानाचं सोडा, काका. सिसिलने सांगितलं. मला तिचं सांगा."
सांगितलं. पदर, पांढरी फुलं, रोजरी डाव्या हातात. कपाळ स्वच्छ. ओठ मिटलेले, एका बाजूला जरा ओढलेले, बाजारात भाव करताना असायचे तसे. तेव्हा तो हसला थोडं. मला बरं वाटलं.
मग जमिनीकडे बघत विचारलं, "डोळे नीट मिटलेले होते?"
नव्हते. डावा नव्हता. आंघोळ घालणाऱ्या बाईने दोनदा पापणी ओढली, तरी बारीक फट राहिली. म्हणूनच तर मी जवळचे दोन दुसऱ्या बाजूने काढले. तरी दिसलं असतं ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मिटवलं असतं. नेहमीच मिटवतो. कोणाला कळत नाही. डोळा उघडा राहतो तो कोणाच्या तरी वाटेकडे असतो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यालाही माहीत असणार. नाहीतर विचारलं नसतं.
चष्मा आणतो म्हणून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. उभ्याने हे लिहितोय. ही त्याला चहा देतेय. त्याने हाक मारली, काका.