बाप्तिस्म्याचं पाणी

छोट्या,

उद्याच्या बाप्तिस्म्यासाठी मी चर्चच्या कुंडात नळाचं पाणी भरत होते, तेव्हा तू माझ्या हातातली बादली काढून घेतलीस. "ताई, हे नको. बाळाच्या अंगावर पुरळ उठेल. गाडीत विकतचे कॅन आहेत, ते ओत."

म्हणजे हे पाणी त्याच्या कपाळाला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग त्याच्या घशाला कसं चालतं? कापड रंगवण्याचा कारखाना आल्यापासून त्याचं सांडपाणी नळाच्या पाण्यात उतरतं, आणि अख्खी वस्ती हेच पिते. मालकानं चर्चचं छप्पर बदलून दिलं आणि वस्तीच्या तक्रारीवर तू सही केली नाहीस. "चर्चेनं सुटेल," म्हणालास. उद्या प्रवचनात मात्र सांगशील की सृष्टी हे सगळ्यांचं घर आहे, आणि गरिबाला मागे टाकून होतो तो विकासच नव्हे. किती गोड बोलतोस रे. तू धर्मगुरू व्हावास म्हणून मी शाळा सोडली, त्याचा आज पहिल्यांदा राग आला.

तू गेल्यावर मी कॅन झाडांना ओतले आणि कुंड नळाच्या पाण्यानं भरलं. विचारलंस तर लपवणार नाही.

तुझी ताई

रविवार सकाळ. पत्र दिलं नाही. बाळाच्या आईनं कुंडात डोकावून विचारलं, पाणी कुठलं? मी सांगितलं. तू घाईनं म्हणालास, "थांबा, दुसरं मागवतो." ती म्हणाली, "आणि घरी गेल्यावर याला काय पाजू, फादर?" मग बाळाला घेऊन ती बाहेर पडली. तिच्यामागून पुढच्या पाच रांगा उठल्या.