चालत्या हाताचं घड्याळ

बेंगळुरू, ३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस नितेशचा साष्टांग नमस्कार.

पुन्हा तेच. मी पाठवलेली वस्तू तुमाले कधी पटलीच नाही. शर्ट पाठवला तर ढगळा, आता घड्याळ बंद पडते म्हणता. फोनवर तुमाले ऐकू येत नाही, म्हणून कागदावर सांगतो. जुनं असलं तरी साठ हजाराचं स्विस घड्याळ आहे. ज्या शोरूममध्ये मी काचा पुसतो तिथलंच. दोन वर्षं पगारातून कापून घेतलं. त्यात सेल नसतो. हात हलला की आतलं चाक फिरते आणि आपोआप चावी बसते. हात थांबला तर दीड दिवसानं बंद.

दुसरं एक पातळ, सोनेरी होतं, रोज चावी द्यायचं. मालक म्हणे तेच घे, शोभून दिसंल. मी म्हटलं, माझा बाप परतवाड्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकते, त्याचा हात जेवतानाही एका जागी राहत नाही, त्याले चावी कशाले? तर ट्रंकेत ठेवू नका, हातात घाला.

तुमाले अजून पसंत न पडलेला,
नितेश

परतवाडा, १४ नोव्हेंबर

चि. नितेशले बाबाचा आशीर्वाद.

ट्रंकेत कोण ठेवते? झोपतानाही डाव्या हातातच असते, तरी दोन दिवसांत बंद. शेषराव घड्याळवाल्याले दिलं. सोताच्या हातात घालून तो आठ दिवस ऐटीत मंडी फिरला; मिनिटभर मागं पडलं नाही. माह्या हातात आलं की बंद. तुह्या घड्याळाले म्हातारा पटत नाही वाटते.

मंडी जोरात हाये, पेट्या रोज चालूच हायेत. काळजीचं काही नाही. तू निमित्त काढून नोकरी सोडू नको. ही सहावी हाये, तुहा गोवर्धन काका मोजून ठेवते.

पत्र टाकत जाय.
तुहा बाबा, जानराव

बेंगळुरू, २२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

घड्याळात खराबी नाही. इथल्या कारागिराले तुमचं पत्र हिंदी करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, घालणाऱ्याचा हात हलत नसंल. मग गोवर्धन काकाले फोन केला. पहिले त्यानं हवापाण्याचं सांगितलं. मग बोलला: दसऱ्यापासून तुमचा डावा हात लुळा आहे, मंडीत तुमी गेलेच नाही, आणि मले कळू द्यायचं नाही म्हणून त्याले शपथ घातली.

हे पत्र पोचेपर्यंत काकानं तुमाले अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं असंल. तुमी रस्ताभर भांडले असाल. डॉक्टर हाताची जी कसरत सांगतीन ती करा. घड्याळ डाव्याच हातात राहू द्या, त्याले वरून हातानंही चावी देता येते, पण शेषरावले ती देऊ देऊ नका. ते आपलं आपण चालू राहिलं की कळवा, मी समजीन.

नोकरी सोडत नाही. पंधरा दिवसांनी चार दिवसांची सुट्टी मिळते, तेव्हा येतो.

लोभ ठेवा, खोटं बोलू नका.
नितेश

ता. क. डॉक्टर आणि जीपसाठी काकाच्या फोनवर टाकले : चौदा हजार पाचशे रुपये.