हिरव्या लुगड्याची गाठ

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
११ मार्च, मंगळवार

माझी लाडकी कल्पिता हिला आजीचा पोटभर आशीर्वाद.

आम्ही बरे. तू, जावईबापू, बाळ डोंबिवलीत बरे असाल. अगं, तुझ्या भावाने काल पायाचा अंगठा हलवला! मी वॉर्डात अशी ओरडले की नर्स धावत आली. "आजी, बोंबलाचं कालवण आण," म्हणतो जयेश. मणका मोडलेला पोरगा कालवण मागतो, म्हणजे चालेलच ना? डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. लागू दे.

पण त्याच्या शेठचं येणं मला पटत नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यात पोरगा शिडीवरून पडला तेव्हा कोणी फिरकलं नाही, आता रोज शहाळी! काल म्हणतो, "आजी, शिडी ठणठणीत, पायांना रबर आहे. तोच मोबाइल बघत चढला." म्हणजे चूक जयेशची, दवाखाना आमच्या गळ्यात. वर फोटो दाखवला. रबर होतं खरं, काळं कुळकुळीत.

त्या शिडीचं रबर कधीच गेलेलं गं. सरकते म्हणून जयेशने माझ्या हिरव्या चौकटीच्या लुगड्याची चिंधी नेलेली, पायांना बांधायला. म्हटलं, जाळ्याची गाठ मार, सुटत नाही. फोटोत नव्या रबराच्या वर तीच गाठ! रबर बसवताना त्यांनी चिंधी कापली, गाठ राहिली.

मी त्याला चहा पाजला, म्हटलं, "शेठ, नातीच्या नंबरवर टाका, तिलाही बघू दे शिडी." टाकला येड्याने! तुला आलेला फोटो तोच. पुसू नको.

मी घरी आल्यावर जगन, तुझा बाप, विचारतो, "आये, त्या हिरव्या लुगड्याचं उरलेलं कुठेय?" गाठीचं मी कोणाला बोलले नव्हते. मग याला लुगडं कसं आठवलं? शेठ तुझ्या धाकट्या भावाला, दर्शनला, कामावर घेणार आहे म्हणे. त्याच शिडीवर चढवायला! "जाळलं," म्हटलं मी.

फोन केला असता, पण मला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही आणि जगन घरातच असतो. म्हणून मासळीवाल्या शकूकडे पत्र देते, सुके बोंबीलही. बोंबील खा. ज्या हिरव्या फडक्यात बांधलेत ते धुऊ नको, गाठ सोडू नको, बाजूने काप. बापाने मागितलं तरी देऊ नको.

तुझी आजी,
आणि काय करू, जगनची आई,
मनुबाई